फायलीवाले भाऊ

डहाणू रोडहून सकाळची लोकल सुटताना खिडकीशी एक गृहस्थ बसलेले असतात. मांडीवर सीटीच्या फिल्मांची पिशवी, तीही दुसऱ्याची. हे फायलीवाले भाऊ. तलासरीपासून घोलवडपर्यंत कुणाच्या लिव्हरमध्ये गाठ निघाली, की परळच्या टाटाला सोबत भाऊच. शिक्षण दहावी, तीही ऑक्टोबरची. पण पेशंटला ‘केस’ म्हणतात.

वाणगाव गेलं की खिशातून चाकू आणि घोलवडचा चिकू निघतो.

“हे लिव्हर. वरून एक, आत भाग आठ. कुईनो नावाच्या फ्रेंच माणसाने १९५७ साली पाडून दिलेत. ही बी म्हणजे गाठ. कडेला असती तर सोपं होतं. ही बसलीय मोठ्या शिरांना चिकटून. मग प्रिंगल!”

प्रिंगल हा ग्लासगोचा सर्जन, १९०८ सालचा. भाऊंच्या बोलण्यावरून मात्र तो डहाणूच्या पारनाक्याला राहत असावा. “लिव्हरकडे येणारं रक्त पंधरा मिनिटं दाबून धरायचं, पाच मिनिटं सोडायचं, पुन्हा धरायचं.” प्रात्यक्षिकासाठी बोईसरला धरलेलं शेजाऱ्याचं मनगट पालघरला सुटतं.

“पण एवढं कापल्यावर उरतं काय?”

“निरोगी लिव्हर असेल तर पाव हिस्सा पुरतो. कमी पडेलसं वाटलं, तर गाठीच्या बाजूला रक्त नेणारी पोर्टल व्हेन आधीच बुजवायची. काही आठवड्यांत दुसरी बाजू वाढते. तरी जमेना, तर अख्खं लिव्हर बाहेर काढून, थंड ठेवून, गाठ कापून परत बसवायचं! जर्मनीत पिश्लमायरने केलंय.”

“माझं नाय ना काढणार तसं?” फिल्मा ज्यांच्या, ते तलासरीचे आजोबा विचारतात.

“छे! तुमची कडेला आहे, आजोबा.” हे सांगताना भाऊंचा आवाज एकदम खाली येतो.

त्यांचं बरंचसं बरोबर असतं, हीच खरी पंचाईत. केसपेपर कुठे, रांग कुठली, जेवण कुठे स्वस्त, यात तर त्यांचा हात धरणारा नाही. ते नसते तर कितीजण पहिल्याच खिडकीवरून घरी परतले असते. पण त्यांच्या स्वतःच्या सोनोग्राफीचा विषय काढा, भाऊंना लगेच बागेत पाणी सोडायचं असतं. संध्याकाळची ताडी चुकत नाही, ते वेगळंच.

विरारपर्यंत लिव्हर खाऊन संपतं. बी तेवढी कागदात गुंडाळून खिशात जाते.

“फेकायची नसते. पॅथॉलॉजीला जाते.”