व्हाया बुरशी: नवघर ते मटन स्ट्रीट

जुने कॅमेरे आणि लेन्सा जमवायला जगातली सगळ्यांत अयोग्य जागा कुठली, अशी स्पर्धा कुणी ठेवली तर आमच्या नवघरचा नंबर पहिल्या पाचांत नक्की लागेल. उत्तरेला वसईची खाडी, आसपास मिठागरं आणि पावसाळ्यात हवेला असा ओलावा की मिठाच्या डबीत तांदूळ टाकूनही मीठ हलत नाही. लेन्समधल्या बुरशीला याहून प्रेमळ माहेर मिळणं कठीण. दमट हवा, अंधारं कपाट आणि जुन्या कातडी पेटीचा वास, एवढ्यावर ती खूश असते. आधी काचेच्या कडेला एक बारीक धागा दिसतो, मग त्याला फांद्या फुटतात, आणि काढायला उशीर झाला तर बुरशी गेली तरी काचेच्या मुलाम्यावर तिची नक्षी कायमची राहते. तज्ज्ञ सांगतात, लेन्स कोरड्या हवेत ठेवा. नवघरला कोरडी हवा म्हणजे फक्त बँकेचं एटीएम, आणि तिथे रात्रभर लेन्स ठेवू देत नाहीत.

तरीही मी जमवतो. 1985 साली पाच ग्रामपंचायती एकत्र करून मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली, त्यांतली एक आमची नवघर. माझ्या कपाटातले बरेच कॅमेरे या नगरपरिषदेहून वयाने मोठे आहेत आणि काही बाबतींत ती होती तितकेच संथ आहेत.

स्वस्त कॅमेऱ्याची पंढरी म्हणजे दक्षिण मुंबईतला चोर बाजार, त्यातही मटन स्ट्रीट. शुक्रवारी तिथली पक्की दुकानं बंद असतात आणि नेमकं त्याच दिवशी पहाटे रस्त्यावर चादरी अंथरून बाजार भरतो. तेव्हा भाईंदरहून पहाटेची लोकल गाठायची. ग्रँट रोडला फास्ट गाडी थांबत नाही, म्हणून स्लो धरायची आणि वाटेतल्या प्रत्येक स्टेशनाचं नाव तीन भाषांत ऐकत जायचं.

या खेपेला बरोबर मेहुणा होता. तो हौसेने आला नव्हता, त्याला पाठवलं होतं. माझ्या खर्चावर देखरेख ठेवायला हिने नेमलेला तो निरीक्षक. दहिसर येईपर्यंत त्याने कामाला सुरुवात केली.

"दाजी, या जुन्या कॅमेऱ्यात मेगापिक्सेल किती असतात?"

"नसतात."

"मग फोटो कशावर येतो?"

"रोलवर. छत्तीस फोटो."

"छत्तीस हजार?"

"छत्तीस."

यावर तो माझ्याकडे ज्या नजरेने बघत राहिला, ती नजर मी आधी फक्त आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे पाहिली आहे. पुढे अंधेरीपर्यंत तो बोलला नाही.

ग्रँट रोडला उतरून पूर्वेला चालत निघालं की वाटेत बेकऱ्यांचा वास येतो, हातगाड्या आडव्या येतात आणि हळूहळू रस्त्यावर वस्तू दिसू लागतात: एकच बूट, पंख्याची तीन पाती, फोनचं चक्र, देवघराचा कळस, कुणाच्या तरी लग्नाचा अल्बम. कॅमेरे असतात ते या सगळ्याच्या मध्ये, बहुधा मिक्सरच्या भांड्याशेजारी. विक्रेत्याला त्यातलं काही कळत नाही, असं समजणाऱ्या माणसाने चोर बाजारात जाऊ नये. त्याला सगळं कळतं. गिऱ्हाईक कुठल्या वस्तूकडे बघायचं टाळतंय, तेही कळतं.

पहिल्याच चादरीवर सोनेरी मुलाम्याचा एक 'लायका' होता. वर गरुड, खाली जर्मन अक्षरं.

"साब, हिटलर के टाइम का है. असली जर्मनी."

हे सोनेरी लायके जगभर मिळतात आणि त्यांतले बहुतेक मूळचे सोव्हिएत असतात. युक्रेनमधल्या खारकीव्हला अनाथ मुलांच्या एका वसाहतीत 1934 पासून 'फेड' नावाचा कॅमेरा बनू लागला, लायकाची सरळसरळ नक्कल. नाव ठेवलं होतं सोव्हिएत गुप्त पोलिसांचे संस्थापक फेलिक्स एदमुंदोविच झेर्झिन्स्की यांच्या आद्याक्षरांवरून. पुढे कुणाच्या तरी डोक्यात आलं की यावर सोनेरी पाणी चढवून गरुड कोरला तर किंमत कितीतरी पटीने वाढते. कम्युनिस्ट पोलिसाच्या नावाचा कॅमेरा नाझी म्हणून विकायचा, तोही मटन स्ट्रीटवर, शुक्रवारच्या पहाटे! वस्तू खोटी असली तरी व्यापाराला दाद द्यावीच लागते. मी दाद दिली आणि पुढे सरकलो. मेहुणा मात्र दोन पावलं मागे राहिला. त्याला गरुड आवडला होता.

पुढे एका म्हाताऱ्या चाचांच्या चादरीवर झेनिट-ई दिसला. हा मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यातला माल. 1965 पासून याचे 30 लाखांहून जास्त नग निघाले. रशियाशी आपला व्यापार रुपयांत चालायचा, त्या काळात असे पुष्कळ कॅमेरे इकडे आले. या नगावर 1980 च्या मॉस्को ऑलिम्पिकची पाच कडी कोरलेली होती. वजन लेन्ससकट जवळपास किलोभर. पुढे हेलिओस 44-2 लेन्स, 58 मिलिमीटरची. हिचं मूळ जर्मनीतल्या येना गावच्या झाइस बायोटारमध्ये आहे. हिच्यातून झाडासमोर माणूस उभा करून फोटो काढला की मागची पानं गोल गरगरताना दिसतात. हा खरं तर भिंगाचा दोष. हल्लीची तरुण मंडळी त्यासाठी पैसे मोजतात. दोष पुरेसा जुना झाला की त्याला वैशिष्ट्य म्हणतात, हा नियम माणसांनाही लावावा अशी माझी जुनी मागणी आहे. घरून तिला पाठिंबा नाही.

जुना कॅमेरा घेताना काय बघावं याचं एक शास्त्र आहे. लेन्स टॉर्चसमोर धरून आरपार बघायचं: धूळ चालते, बुरशी चालत नाही. छिद्राच्या पात्यांवर तेल आहे का, फोकसची रिंग मऊ फिरते का, शटर बी वर ठेवून दाबल्यावर उघडं राहतं का. आरशाजवळचा फोम बोटाला डांबरासारखा चिकटला तर तो बदलावा लागणार. झेनिटचा मीटर सेलेनियमचा, त्याला बॅटरी लागत नाही, आणि बहुधा तो केव्हाच वारलेला असतो. त्याचं दुःख करायचं नाही, भाव पाडायला वापरायचं.

"चाचा, मीटर मेला है."

"साब, मीटर मरा है, कॅमेरा थोडी मरा है. पैंतीस सौ."

"बारा सौ."

"रशिया वापस भेज दूँ इस भाव में?"

घासाघीस रंगात आली होती. मी तोंडावर विरक्ती आणली होती, निघून जायचं नाटक दोन पावलं करून झालं होतं. चाचा अठराशेवर आले होते. तेवढ्यात मेहुण्याने कॅमेरा हातात घेतला, इकडेतिकडे दाबलं, एक खटका ओढला आणि मागचं झाकण सताड उघडलं.

आत रोल होता.

भर रस्त्यात, विजेच्या दिव्याखाली, कुणाचा तरी अर्धवट काढलेला रोल. फोटो मोजणारा आकडा 17 वर होता. कुणाचं बारसं, कुणाची महाबळेश्वरची सहल, कुणाची नवी स्कूटर, जे काही असेल ते एका क्षणात पांढरं झालं. मी ओरडलो. मेहुण्याने घाबरून झाकण लावलं, पुन्हा उघडलं, आत फुंकर मारली आणि पुन्हा लावलं.

"दाजी, सॉरी. आता बंद केलंय ना, मग भरून येईल ना?"

चाचांनी हे सगळं शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, "रोल फ्री था साब. अब चौदह सौ दे दो." मी दिले. या दुर्घटनेमुळे चारशे रुपये वाचले, असा हिशेब मेहुण्याने लगेच फोनवरून बहिणीला कळवला. सोबत कॅमेऱ्याचा फोटोही पाठवला. मी घरी पोचण्याच्या कितीतरी आधी माझी खरेदी घरी पोचली होती.

तिथून फोर्टात बोरा बाजारला, रोल घ्यायला. स्वस्त कॅमेऱ्याचं खरं बिल तिथे फाटतं. 1960 साली स्थापन झालेल्या उटीच्या सरकारी हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल आमच्या लहानपणी कोपऱ्यावरच्या स्टुडिओत मिळायचा. तो कारखाना बंद पडला. आता परदेशी रंगीत रोल आठशे-हजाराच्या घरात, वर धुलाई आणि स्कॅनिंग वेगळं. म्हणजे दोन रोल काढले की कॅमेऱ्याहून महाग. हत्ती स्वस्तात मिळतो, माहुताचा पगार मारतो.

परतीला संध्याकाळ झाली आणि चर्चगेटहून मिळाली ती विरार. विरारच्या गाडीत भाईंदरवाल्याची सामाजिक स्थिती काय असते, हे पश्चिम रेल्वेवर कुणाला सांगायला नको. "भाईंदरला उतरायचंय तर भाईंदर पकडायची ना!" हे वाक्य अंधेरीनंतर चार बाजूंनी आलं. पण या वेळी छातीशी किलोभर सोव्हिएत धातू होता. दाराकडे सरकताना तो ज्याच्या बरगडीला लागला, त्याने आपण होऊन वाट दिली. मॉस्को ऑलिम्पिकवर अमेरिकेने बहिष्कार घातला होता, पण नवघरच्या माणसाला त्याचा उपयोग झाला.

घरी ही वाटच बघत होती.

"अहो, सावेदादांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवला, 1899 ला हँगिंग गार्डनवर कुस्ती चित्रित केली, देशाच्या सिनेमाची सुरुवात झाली. तुमच्या कॅमेऱ्यांतून काय निघालं?"

"बुरशी," मेहुणा म्हणाला. तो तिचाच भाऊ.

लेन्सची फिल्टरची कड चेपलेली होती. ती नवघर रोडच्या मागच्या गाळ्यात सरळ करून घेतली. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने पुष्कळ, त्यामुळे गोल वस्तू सरळ करणारा हात इथे सहज सापडतो. कारागिराने कड तपासली, लाकडाचा ठोकळा लावून हलके टोले दिले आणि विचारलं, "हे कुठल्या कुकरचं?" पैसे मात्र कुकरचेच घेतले.

लेन्स आता खिडकीत उन्हाला आहे. उन्हाने बुरशी मरते म्हणतात. ती ठेवताना दोन्ही बाजूंची झाकणं काढावी, पण मागे पडदा असेल तर आधी तो सरकवावा, कारण भिंग आपलं काम कुठेही चोख करतं. नव्या पडद्याचा खर्च कॅमेऱ्याच्या खात्यात धरायचा की घराच्या, यावर अजून एकमत नाही.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून कुणाचा जुना कॅमेरा निघाला तर एवढंच करा: भंगारवाल्याला देण्याआधी रोल गुंडाळायची डावीकडची कळ हलक्या हाताने बाणाच्या दिशेने फिरवून बघा. अडली तर आत रोल आहे. वडोदऱ्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेला ॲग्फा क्लिक थ्री असेल, तर पाठीवरच्या लाल खिडकीत आकडा दिसेल. मागचं झाकण उघडू नका. जुन्या रोलवरून वर्षांनीही काही ना काही उमटतं, म्हणून तो लॅबमध्ये द्या. आणि कॅमेरा नको असेल तर नवघर रोडला घेऊन या. मेहुणा घरी नसेल ती वेळ आधी विचारून घ्या.