मित्रपक्ष पाडण्याची शास्त्रोक्त पद्धत

महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांपैकी १४५ जागा ज्याच्या पदरी पडतील त्याचे राज्य, हे गणित तिसरीतल्या मुलासही उमजावे असे असले, तरी स्वबळावर तो आकडा गाठण्याचे भाग्य १९८५ नंतर एकाही पक्षाच्या वाट्याला आलेले नाही; १९९० साली काँग्रेस १४१ वर अडली आणि २०२४ साली भारतीय जनता पक्ष १३२ वर. सबब या प्रांतात राज्य करू इच्छिणाऱ्यास मित्र करणे प्राप्त आहे. मित्र कसे करावेत हे आमच्या नेत्यांना शिकविण्याचे कारण नाही. ते एका रात्रीत होतात, आणि २०१९ च्या २३ नोव्हेंबरला सर्वांनी पाहिल्याप्रमाणे पहाटेही होतात. परंतु केलेल्या मित्राचे पुढे काय करावे, त्यास किती वाढू द्यावे, कोठे छाटावे, आणि छाटताना आपल्या हातातील कात्री कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून कोणती खबरदारी घ्यावी, या विद्येवरील एकही सोपपत्तिक ग्रंथ मराठीत उपलब्ध नसल्यामुळे, युतीत अथवा आघाडीत प्रथमच पदार्पण करणाऱ्या होतकरू पक्षाध्यक्षांच्या सोयीसाठी हे विवेचन सादर करीत आहोत.

प्रथम हे ध्यानात धरावे की विधानसभेची निवडणूक दोनदा होते. मतदारांसमोर होते ती एका दिवसात उरकते. दुसरी, जीस जागावाटप असे सौम्य नाव आहे, ती महिनोन्महिने बंद दाराआड चालते आणि खरे जय-पराजय तेथेच ठरतात. प्रतिपक्षाने तुमचा उमेदवार पाडला तर एक आमदार कमी होतो, इतकेच. पुढील खेपेस तो परत उभा राहू शकतो. परंतु मतदारसंघच मित्रपक्षाच्या वाट्यास गेला, तर तुमचा शाखाप्रमुख अथवा तालुकाध्यक्ष दुसऱ्याचे चिन्ह घरोघर वाटीत हिंडू लागतो, मतदारांच्या बोटास दुसरे बटण दाबण्याची सवय जडते, आणि दोन निवडणुकांनंतर येथे कधी काळी आपला पक्ष होता याची साक्ष द्यावयास एखादा वृद्ध माजी सभापतीच काय तो शिल्लक राहतो. शत्रूशी लढताना जे गमवावे लागत नाही ते मित्राशी बोलताना गमवावे लागते, हे ज्यास कळले त्याने या शास्त्राची पहिली परीक्षा उत्तीर्ण केली असे समजावे.

मागणीचा आकडा सांगताना संकोच करू नये, हा वडिलार्जित नियम. परंतु समोरच्यास देऊ केलेल्या आकड्याचाही थोडा विचार करावा. २०१४ साली शिवसेनेने आपणास १५१, भाजपास ११९ आणि लहानसहान मित्रांस मिळून १८ असा प्रस्ताव मांडला. बेरीज २८८ बरोबर जुळत होती. बेरजेत दोष काढण्यास जागा नव्हती. तरीही पंचवीस वर्षांची युती त्या सप्टेंबरात तुटली, आणि त्याच दिवशी, जणू शेजारधर्म पाळण्यासाठी, काँग्रेस व राष्ट्रवादी यांचीही आघाडी तुटली. निकाल लागला तेव्हा ज्या पक्षास लढण्यासाठी ११९ जागा देऊ केल्या होत्या त्याने १२२ जिंकलेल्या होत्या. ज्याला आपण लढावयासही जितके देत नाही तितके तो जिंकून दाखवू शकतो, या एका उदाहरणाने मोठ्या भावाचे मोठेपण कायमचे संपले. तेव्हापासून या दोन पक्षांत मोठा भाऊ कोण हा प्रश्न वयाचा न राहता आकड्यांचा झाला.

आता वाटाघाटीच्या तत्त्वांविषयी. ज्याचा विद्यमान आमदार त्याची जागा, हे तत्त्व सर्वमान्य असून आपणास लाभदायक असेल तेथे त्याचा उच्चार मोठ्याने करावा. लाभदायक नसेल तेथे ‘निवडून येण्याची क्षमता’ हे दुसरे तत्त्व पुढे करावे. हे अधिक लवचीक आहे, कारण क्षमता मोजण्याचे माप प्रत्येक पक्षाच्या खिशात असते. या मापास सर्वेक्षण म्हणतात. ते गोपनीय असावे, त्याची प्रत मित्रास कधीही दाखवू नये, मात्र त्यातील निष्कर्ष दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात ‘विश्वसनीय सूत्रां’च्या हवाल्याने यावेत अशी तजवीज करावी. २०२२ साली शिवसेना आणि २०२३ साली राष्ट्रवादी दुभंगल्यावर विद्यमान आमदाराच्या तत्त्वाची जी दैना झाली ती अभ्यासूंनी अवश्य पाहावी: आमदार एका घरी, त्यास निवडून देणारे चिन्ह कधी त्याच्याबरोबर तर कधी निवडणूक आयोगाच्या दप्तरी, आणि जागेवरचा वारसाहक्क सांगणारा मूळ पक्ष तिसऱ्याच घरी. वतनाच्या वादांत पेशवाईतील कारकुनांनी जेवढे कागद खर्ची घातले नसतील तेवढा वाद या एका मुद्द्यावर घालता येतो, आणि तो घालावाच. कारण जो वाद घालीत नाही त्याचा हक्क मुदतबाह्य झाला असे मित्रपक्ष परस्पर ठरवून टाकतो.

बैठक कितीही बिनसली तरी बाहेर येऊन ‘चर्चा सकारात्मक झाली’ असेच म्हणावे. किती जागांवर एकमत झाले असे कोणी विचारल्यास मोठा आकडा सांगावा, आणि त्याचे विवरण मात्र कधीही देऊ नये. २०२४ च्या ऑक्टोबरात महाविकास आघाडीने या नियमाचा भंग केला. तिन्ही पक्षांना प्रत्येकी ८५ जागा आणि एकंदर २७० जागांवर एकमत, अशी घोषणा झाली; आणि पत्रकारांत गुणाकार येणारा कोणीतरी असतोच, त्याने ८५ त्रिक २५५ होतात हे निदर्शनास आणले. उरलेल्या पंधरांचे काय, याचे स्पष्टीकरण पुढे होत राहिले, परंतु आघाडीची पाटी त्या सायंकाळी कोरी न राहता चुकीची राहिली, ही गोष्ट प्रचारास उपकारक झाली असे म्हणवत नाही. होतकरूंनी इतकेच शिकावे की एकमत जाहीर करणे निराळे आणि ते मोजून दाखविणे निराळे.

यानंतर येतो तो उमेदवारी अर्जाच्या अखेरच्या दिवसाचा अध्याय, आणि येथे आम्ही किंचित रेंगाळणार आहोत, कारण या विद्येतील सर्व सौंदर्य त्या दिवशी दुपारी तीनपर्यंतच्या अवकाशात साठविलेले असते. कायद्याने पक्षाचा अधिकृत उमेदवार कोण हे ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन नमुन्यांवरून ठरते. पहिल्यात सही करण्याचा अधिकार कोणास याची नोंद, दुसऱ्यात उमेदवाराचे नाव. लोकव्यवहारात या जोडीस एबी फॉर्म म्हणतात आणि तो ज्याच्या हाती पडला त्याच्या घरी फटाके वाजतात. सामान्य नेता हा फॉर्म आपल्या वाट्याच्या जागेवर देतो. कुशल नेता तो मित्राच्या वाट्याच्या जागेवरही देऊन ठेवतो, आणि विचारणा झालीच तर ‘स्थानिक पातळीवर काही गैरसमज झाला आहे, वरिष्ठ पातळीवर तोडगा निघेल’ असे सांगून तीन वाजू देतो. २०२४ च्या २९ ऑक्टोबरला नाशिक जिल्ह्यातील देवळाली व दिंडोरी या, मित्रपक्ष राष्ट्रवादीच्या वाट्यास गेलेल्या मतदारसंघांसाठी शिंदे यांच्या शिवसेनेचे एबी फॉर्म आकाशमार्गे रवाना झाले. मैत्रीखातर एवढी धावपळ कोणी केल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

अर्ज भरल्यावर माघारीची मुदत येईपर्यंतचा काळ बंडखोरांचा. बंडखोर दोन प्रकारचे असतात: आपल्या पक्षावर रागावलेला, आणि आपल्या पक्षाने रागावण्यास पाठविलेला. पहिल्याची मनधरणी करावी. त्यास विधान परिषद, एखादे महामंडळ, जिल्हा बँकेतील संचालकपद यांची आठवण द्यावी, आणि हे सर्व आधी इतर तिघांना कबूल केलेले आहे ही गोष्ट त्याला तूर्त कळू देऊ नये. दुसऱ्याची मनधरणीही तितक्याच तन्मयतेने, परंतु छायाचित्रकारांच्या समक्ष करावी आणि ती निष्फळ व्हावी याची खबरदारी घ्यावी. २०२४ साली माघारीची मुदत ४ नोव्हेंबरला होती व भाऊबीज तीन तारखेस. त्यामुळे त्या वर्षीचा बराचसा फराळ बंडखोरांच्या घरी नेत्यांनी, आणि नेत्यांच्या घरी बंडखोरांनी खाल्ला. कोणाचे बंड चकलीने शमले आणि कोणाचे शमले नाही, याचा हिशेब निवडणूक खर्चाच्या चाळीस लाखांत धरावा लागत नाही, ही कायद्याची आमच्या मते एक उदार दृष्टीच होय. पण सर्वच प्रकरणे इतकी सरळ नसतात. कोल्हापूर उत्तरमध्ये काँग्रेसने एकास उमेदवारी जाहीर केली, ती काढून दुसऱ्या व्यक्तीस दिली, आणि त्या अधिकृत उमेदवाराने मुदत संपता संपता आपलाच अर्ज मागे घेतला; मग ज्याचे तिकीट कापले होते त्या अपक्षासच पाठिंबा देण्यावाचून पक्षास गत्यंतर राहिले नाही. बंडखोराने न हलता जागीच उभे राहावे, पक्ष फिरून त्याच्याकडे येतो, असा जो सिद्धान्त बंडखोर मंडळी सांगत असतात त्यास हा बळकट पुरावा मिळाला.

मित्राच्या जागेवर आपला माणूस राहिलाच, तर त्या लढतीस ‘मैत्रीपूर्ण’ हे विशेषण लावण्यास विसरू नये. ही लढत इतर लढतींसारखीच असते, तीत पत्रके, आरोप, रात्रीच्या बैठका आणि एकमेकांच्या मतदारयाद्यांवरील डोळा हे सर्व यथास्थित असते. फक्त पडलेल्या उमेदवाराने तक्रार कोणाकडे करावी हे त्याला ठाऊक नसते. मानखुर्द-शिवाजीनगरात २०२४ साली राष्ट्रवादी आणि शिवसेना या महायुतीतील दोन मित्रांचे उमेदवार मैत्रीपूर्वक लढले, आणि समाजवादी पक्षाने ती जागा राखली. याहून सूक्ष्म पद्धत हवी असल्यास त्याच वर्षीच्या लोकसभेतील सांगलीचा अभ्यास करावा: जागा शिवसेनेच्या ठाकरे गटास गेली, काँग्रेसचा रागावलेला वारसदार अपक्ष उभा राहिला, कार्यकर्ते कोठे गेले हे कोणी पाहिले नाही, अपक्ष निवडून आला, आघाडीचा अधिकृत उमेदवार तिसरा आला, आणि विजयी अपक्षाने निकालानंतर काँग्रेसला पाठिंबा दिला. यास जिल्ह्याच्या नावाने ‘पॅटर्न’ अशी संज्ञा प्राप्त झाली, आणि विधानसभेच्या वेळी तिचा उच्चार होताच आघाडीच्या बैठकीत चहाचे पेले थांबत.

जाहीरनामा व संयुक्त सभा यांवर वेळ दवडू नये. २०२४ साली ‘लाडकी बहीण’ योजनेतून महिलांना दरमहा १५०० रुपये मिळत होते. एका बाजूने २१०० म्हटले, दुसरीने ३००० म्हटले, लिलाव संपला. संयुक्त सभेत मात्र व्यासपीठावर सर्वांनी हात उंचावून साखळी करावी. छायाचित्र निघते, आणि हात सर्वांना दिसत असल्यामुळे तेवढ्यापुरती तरी सर्वांस निश्चिंती वाटते.

मतदानाच्या दिवशीची कला हस्तलिखित स्वरूपातच चालत आली आहे व ती उघड करणे उचित नाही. सूचनामात्र इतकीच की मित्राविरुद्ध काम करण्याची गरज नसते, काम न करणे पुरते. बूथवरील पोलिंग एजंट दुपारी जेवावयास जावा आणि त्याला झोप लागावी; मतदारांना आणण्यासाठी ठरविलेली जीप पंक्चर व्हावी; ‘वरून निरोप आला नाही’ असे कार्यकर्त्यांनी एकमेकांना सांगत राहावे. निकालानंतर मित्राचे सांत्वन करावयास सर्वांआधी जावे.

आता खुर्ची. जो पक्ष अधिक जागा आणील त्याचा मुख्यमंत्री, हा नियम सर्वांस प्रिय आहे, परंतु त्याचा भरवसा धरू नये. २००४ साली राष्ट्रवादीने ७१ आणि काँग्रेसने ६९ जागा आणल्या, आणि मुख्यमंत्री काँग्रेसचा झाला. राष्ट्रवादीने त्या बदल्यात खाती घेतली, आणि आमच्या मते खुर्चीपेक्षा खात्यांत अधिक समजणारा पक्ष तो होता. २०१९ साली भाजप व शिवसेना यांना मिळून १६१ जागा, म्हणजे बहुमताहून सोळा अधिक, मिळाल्या. युतीच्या विजयात कसलीही त्रुटी नव्हती, आणि नेमकी म्हणूनच युती टिकली नाही, कारण अर्धा काळ कोणाचा याविषयी एकाने जे ऐकले होते ते दुसऱ्याने बोललेलेच नव्हते. त्यामुळे तोंडी करार करू नये. लेखी तर मुळीच करू नये. मागणी अडल्यास रागावल्याचे न सांगता गावी जावे. २०२४ च्या नोव्हेंबरअखेर काळजीवाहू मुख्यमंत्री सातारा जिल्ह्यातील दरे या आपल्या गावी गेले, तेव्हा त्या गावाचा रस्ता दाखविण्यात वृत्तवाहिन्यांनी जो वेळ घालविला तो पाहता, मुंबईतील दहा पत्रकार परिषदांचे काम एका गावाने केले असे म्हणावे लागते. निकालानंतर बारा दिवसांनी, ५ डिसेंबरला, आझाद मैदानावर शपथविधी झाला. उपमुख्यमंत्री हे पद घटनेत कोठेच नसल्यामुळे ते कितीही निर्माण करता येते. मंत्री मात्र २८८ च्या पंधरा टक्क्यांहून, म्हणजे त्रेचाळिसांहून अधिक करता येत नाहीत. उरलेल्यांना पुढील विस्तार दाखवीत राहावा; तो क्षितिजासारखा असतो.

पराभव झाला असेल तर आरंभी यंत्रास दोष द्यावा, मग मित्रास. क्रम उलटू नये, नाहीतर यंत्रावरील संशय दुर्बळ होतो. येथेही एक पद वाटावयाचे उरते, ते विरोधी पक्षनेत्याचे. रूढीप्रमाणे त्यासाठी एका पक्षाकडे सभागृहाच्या एक दशांश, म्हणजे २९ सदस्य असावे लागतात. २०२४ साली ठाकरे गटास २०, काँग्रेसला १६ आणि शरद पवार गटास १० जागा मिळाल्या. तिघांच्या मिळून ४६, पण २९ एकाकडेही नाहीत. अननुभवी नेत्यास वाटेल की आता भांडण्यासारखे काही उरले नाही. त्याने तत्काळ मित्रपक्षांची बैठक बोलवावी, विधान परिषदेतील विरोधी पक्षनेतेपद कोणाकडे आहे याची चौकशी करावी, आणि ते आपल्याकडे नसेल तर विधानसभेतील पदावर, ते मिळण्यासारखे असो वा नसो, त्याच रात्री लेखी दावा दाखल करावा.