ब्रह्मराक्षसामागे चार भित्रे

भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं आपले पूर्वज सांगून गेले. त्यांच्या काळी भित्रा माणूस बहुधा एकटा असावा. तिन्हीसांजेला पारावरून उठायचा, पिंपळाखालून झपझप पावलं टाकत रामनाम घ्यायचा, आणि त्याचं नि ब्रह्मराक्षसाचं काय ते परस्पर मिटायचं. गावाला त्याचा उपद्रव नव्हता. आताचे भित्रे सहकारी तत्त्वावर राहतात. त्यांची कमिटी असते, ग्रुप असतो, मासिक सभा असते. असे चार भित्रे एकत्र आले, की ब्रह्मराक्षसानेच आपला पिंपळ बदलावा हे बरं.

गंमत म्हणजे, घाबरलेल्या माणसाला आपण घाबरलोय असं कधी वाटतच नाही. आपण जागरूक आहोत, असंच त्याला वाटतं. एरवी रिक्षावाल्याकडे सुटे दोन रुपये मागताना ज्यांचा आवाज घशात अडकतो, ते काका 'सुरक्षेचा प्रश्न' म्हटलं की एकदम ठाणे अंमलदार होतात.

आमच्या सोसायटीत कुणाची तरी चांदीची वाटी हरवली. रात्री दहा वाजता तातडीची सभा भरली. लिफ्ट बंद होती तेव्हा जी सभा कोरमअभावी तीनदा बारगळली होती, तिला त्या दिवशी खुर्च्या पुरल्या नाहीत. ठराव झाला : कामाच्या बायकांनी गेटवर पिशवी उघडून दाखवायची, आणि घरातून काही दिलं असेल तर मालकिणीची सही असलेली चिठ्ठी आणायची. दुसऱ्या दिवसापासून खजिनदार स्वतः वॉचमनशेजारी उभे.

"मावशी, पिशवी."

"बघा की दादा. दोन पोळ्या, थोडी भाजी, आन् वैनींनी दिलेला जुना परकर. चिठ्ठीत परकर लिवायला वैनींना लाज वाटली, म्हणून 'कापड, एक नग' लिवलंय."

खजिनदारांनी नग तपासला आणि चिठ्ठी तारखेसह फाइलला लावली. वाटी पुढे शेजारच्याच ब्लॉकमध्ये सापडली. पाडव्याला श्रीखंड घेऊन ती तिकडे गेली होती. तिच्यासाठी सभा भरली नाही. वाटी घरी आली, नियम मात्र गेटवरच राहिला. मावशींची माफी मागावी, असं इतिवृत्तात कुठे नाही.

भीती ही पाण्यासारखी उताराकडे धावते. कोरोनाच्या सुरुवातीला हे फार स्वच्छ दिसलं. रोग आला विमानाने, पासपोर्ट घेऊन. लिफ्ट बंद झाली ती घरकामाच्या बायकांना. मार्च 2020 मध्ये ज्यांना घरी विलगीकरणात राहायचं होतं त्यांच्या डाव्या हातावर राज्य सरकारने मतदानाच्या शाईचे शिक्के मारले. मुंबईकरांचं रक्षण करताना आम्हाला अभिमान वाटतो, अशा अर्थाचा मजकूर त्यावर होता. पण अभिमानाची ही शाई पाहताच सहप्रवासी बिथरायचे, आणि शिक्केवाल्यांना गाडीतून उतरवल्याच्या बातम्या यायच्या. 22 मार्चला संध्याकाळी पाच वाजता आपण गॅलरीत उभं राहून डॉक्टर-नर्सेससाठी थाळ्या वाजवल्या. मग थाळ्या घासून जागेवर ठेवल्या आणि भाड्याने राहणाऱ्या नर्सला खोली कधी सोडतेस म्हणून विचारलं. बरोबर महिन्याने, 22 एप्रिलला, केंद्र सरकारला 1897च्या साथरोग कायद्यात वटहुकमाने दुरुस्ती करावी लागली. तो मूळ कायदा प्लेगच्या काळातला. तेव्हा लोक घरात घुसणाऱ्या सरकारला घाबरत होते. 123 वर्षांनी त्याच कायद्यात आरोग्य कर्मचाऱ्यांना मारहाणीपासून आणि राहत्या जागी होणाऱ्या छळापासून संरक्षण देणारी कलमं घालावी लागली. म्हणजे साथीशी लढणाऱ्यांना शेजाऱ्यांपासून वाचवायला सरकारचा वटहुकूम लागला.

इथवर हसता येतं. पुढे येत नाही. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी पाच भिक्षेकरी आले होते. बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशी अफवा तेव्हा मोबाइलवरून गावोगाव पसरली होती. जमावाने त्या पाचांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. त्या काळात देशभर फिरवला गेलेला एक व्हिडिओ मुळात कराचीतल्या जनजागृतीच्या चित्रफितीतला होता. मूल सुखरूप परत आणून सोडल्याचा शेवट कुणीतरी कापून टाकला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण आपण पिढ्यान् पिढ्या हसत हसत वापरतो. राईनपाड्यात चोर नव्हताच, आणि मेलेले खरोखरच गोसावी होते.

मारणारी माणसं एरवी कशी असतील? लेकरांच्या काळजीने पाठवलेला निरोप काळजीने वाचणारी. पिशवी तपासणारे आमचे खजिनदारही दुष्ट नाहीत. भाजीवाल्या आजींकडे ते कधी घासाघीस करत नाहीत. त्यांची नि जमावाची बरोबरी मी करणार नाही, दोन्हींत फार मोठं अंतर आहे. पण वाट एकच आहे. काळजी खरी असते, संशय मात्र सोयीचा असतो. तो नेहमी अशाच माणसावर जाऊन बसतो, ज्याला उलट बोलण्याची सोय नाही : मावशी, वॉचमन, भाडेकरू, भाषा वेगळी असलेला फेरीवाला, पाल ठोकून राहणारा भटका. पार्किंगची जागा गिळून बसलेल्या बिल्डरची गाडी गेटवर थांबवून डिकी उघडायला सांगितल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. त्याला तर वॉचमन सलाम ठोकतो, आणि त्यामागोमाग खजिनदार नमस्कार करतात.

तेव्हा तुमच्या सोसायटीत पुढच्या वेळी पिशव्या तपासण्याचा ठराव आला, तर विरोध करून वाईटपणा घेऊ नका. जोरदार अनुमोदन द्या आणि एवढीच उपसूचना मांडा, की तपासणीची सुरुवात कमिटीच्या पिशव्यांपासून व्हावी. ठराव त्याच सभेत बारगळेल.