फुली मारली तिथे सही

फ्लॅटचं अ‍ॅग्रीमेंट जाडजूड का असतं? कोणी वाचू नये म्हणून. वकिलाच्या ऑफिसातला पोऱ्या पेन्सिलीने फुल्या मारतो, आपण फुलीफुलीवर सह्या करत सुटतो. हात दुखतो तो आपला, समाधान बिल्डरचं.

गंमत म्हणजे आपल्या कामाची काही वचनं त्या चवडीत नसली तरी चालतात. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ ती धरूनच चालतं. ‘मला हे विकायचा हक्क आहे’ असं विकणाऱ्याने न बोलताच सांगितलेलं असतं. मालमत्तेत किंवा मालकीत मोठी खोट त्याला ठाऊक आहे आणि आपल्याला साध्या चौकशीत कळणार नाही, तर ती सांगणंही त्याच्यावर बंधनकारक. कायदा साहेबाचा, पण बोलणं घरातल्या आजोबांचं: सगळंच काय लिहून घ्यायचं?

मग एवढी पानं कशाला? हेच पुसायला! कलमाच्या तोंडालाच फट आहे: ‘विरुद्ध करार नसेल तर’. वकिलांनी त्या फटीतून अख्खे टॉवर आत नेले. ‘खरेदीदाराने मालकीहक्क तपासला असून त्याचं पूर्ण समाधान झालं आहे.’ आपलं समाधान झाल्याची बातमी आपल्याला तिथेच कळते.

भाड्याच्या घरातही तेच. भाडं वेळेवर दिलं, अटी पाळल्या, तर मुदतभर निवांत राहू देण्याचं वचन कायदा न लिहिता देतो, पण भाडेकरूला. म्हणून तर अकरा महिन्यांच्या कागदावर तुम्ही भाडेकरू नसताच; तुम्ही ‘लायसन्सी’!

गुरुग्रामच्या एका प्रकल्पाच्या करारात ग्राहक चुकला तर व्याज १८ टक्के, बिल्डर चुकला तर ९. असा एकतर्फी करार ग्राहकावर बंधनकारक नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बजावलं. त्याआधी २०१६ च्या रेरा कायद्याने खोडरबर चालणार नाही अशी शाई आणलीच होती. ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तीस दिवसांत फुकट दुरुस्त करायचा. अ‍ॅग्रीमेंट काहीही म्हणो.

तरी भिंतीला ओल आली की साइटवरून उत्तर येतं, ‘पावसाळा आहे, सुकेल.’ तोंडी तक्रारही तशीच सुकते. तेव्हा तारीख घालून लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. न लिहिलेलं वचन वसूल करायचं, तर हे एक पान आपल्यालाच लिहावं लागतं. आणि त्यावर सही कुठे करायची, हे सांगायला पोऱ्या नसतो.