उरलेल्या केसांचे राखणदार

पूर्ण टक्कल पडलेला माणूस, निदान डोक्याच्या बाबतीत, सुखी असतो. दुःखी असतो तो टक्कल पडत असलेला माणूस. वय साधारण पस्तीस ते पंचावन्न, नोकरी बरी, प्रकृती ठीक, घरचं सगळं मार्गी. आणि तरीही आंघोळ झाल्यावर हा गृहस्थ आरशासमोरून हलत नाही. डाव्या कानाच्या वर दोन बोटांवर भांग. तिथून निघालेले पंधरा-वीस लांब केस माथा ओलांडून उजव्या कानाकडे जातात, तिथे बोटाने दाबले जातात, वरून तेलाचा हात फिरतो. मग मान डावीकडे, मान उजवीकडे. एखादा केस परत मूळ गावी निघालेला दिसतो, त्याची समजूत काढली जाते. पीक कधीच गेलेलं असताना मचाणावरून उतरायला तयार नसलेल्या या माणसाला मी राखणदार म्हणतो. माझं म्हणणं असं की त्याला छळतं ते टक्कल नव्हे, राखण. त्यामुळे टकलाबद्दल त्याला सगळे जे सांत्वन देतात ते वायाच जातं.

राखणीचं काम थोडंथोडकं नाही. लग्नाच्या हॉलमध्ये शिरताच त्याची नजर यजमानांच्या आधी स्टँडवरच्या पंख्याकडे जाते. पंखा फिरता असला तर किती अंशांत फिरतो हे पाहून मगच खुर्ची धरायची. लोकलमध्ये खिडकीची जागा मिळाली तर लोक आनंदतात, हा ती उदारपणे दुसऱ्याला देतो. मृगाचा पहिला पाऊस पडला की सोसायटीतली माणसं गॅलरीत येतात आणि याची छत्री उघडते. ग्रुप फोटोत तो मागच्या रांगेत, हनुवटी किंचित वर. वॉटर पार्कची सहल निघाली की त्याला सर्दी होते. चारचौघांत हसताखेळताना त्याचा उजवा हात मधूनच टाळूकडे जाऊन येतो आणि सगळं जागेवर असल्याचा अहवाल घेऊन परत मांडीवर येतो. एवढी ड्यूटी करणाऱ्या माणसाला थकवा येणारच. गंमत अशी की या थकव्यालाच तो केस गळण्याचं कारण समजतो. ‘टेन्शनमुळे जातायत हो,’ असं तो म्हणतो, तेव्हा टेन्शन केसांचंच असतं.

बरं, एवढं करून साधतं काय? आरसा समोर असतो आणि टक्कल पुष्कळदा पसरत असतं टाळूवर, म्हणजे जिथे फक्त इतरांची नजर जाते तिथे. बँकेच्या रांगेतले मागचे चार जण, बसमध्ये उभा असलेला कंडक्टर, जिन्याच्या वरच्या पायरीवरची शेजारीण, या सगळ्यांना ही बातमी केव्हाच कळलेली असते. राखणदाराला ती कळते ती मेडिकलच्या दुकानात. काउंटरमागच्या सीसीटीव्हीच्या पडद्यावर त्याला एक टकला माणूस पाठमोरा उभा दिसतो. बिचाऱ्याचे लवकर गेले, असं मनात येतं न येतं तोच त्या माणसाचा चौकड्यांचा शर्ट ओळखीचा वाटू लागतो. त्या क्षणाला धक्का म्हणायचं तर म्हणा. पण इतरांच्या दृष्टीने काहीच बदललेलं नसतं. जे गुपित गावाला ठाऊक आहे ते पंधरा केसांनी झाकणं हा उद्योग जगाला फसवण्यासाठी चाललेला असूच शकत नाही. तो स्वतःसाठी चालतो, आणि तिथेही यश बेताचंच.

कोणी म्हणेल, माणसाला केसांची माया असणारच, ती काय आजची आहे? इतिहास मात्र जरा वेगळं बोलतो. पेशवाईतल्या पुण्यात बहुसंख्य पुरुषांची डोकी भादरलेलीच असत. शेंडी, फार तर घेरा, बाकी सगळं वस्तऱ्याच्या स्वाधीन. वर पगडी, पागोटं किंवा फेटा. बोडक्या डोक्याने घराबाहेर पडणं हे अशुभ आणि असभ्य. अशा समाजात कोणाचे केस गेले आणि कोणाचे न्हाव्याने काढले हे ओळखणार कोण? टक्कल तेव्हाही पडत असणार, पण त्याला प्रेक्षक नव्हता. पुढे इंग्रजी शिकलेली मुलं केस राखून भांग पाडू लागली, तेव्हा वडीलधाऱ्यांना धर्म बुडाल्यासारखं वाटलं. आपण नातवांसाठी केवढं मोठं दुःख आयात करतोय याची कल्पना त्या सुधारकांना नसावी. त्यानंतरही काळ्या टोपीने आणि मग गांधी टोपीने बरीच वर्षं लाज राखली. टोपी गेली आणि डोकी उघड्यावर आली. राखणदार हा तसा नवा माणूस आहे. सीझरचा दाखला कोणी देईल तर तोही माझ्याच बाजूचा. सुएटोनियसने लिहून ठेवलंय की सीझर विरळ केस मागून पुढे ओढून घेत असे आणि रोमच्या सिनेटने दिलेल्या मानांपैकी लॉरेलची माळ कायम घालण्याचा मान त्याला सर्वांत प्रिय होता. रोमचे पुरुष एरवी उघड्या डोक्याने हिंडत. डोकं उघडं, तिथे राखण आलीच. पुढे अमेरिकेत ऑर्लँडोच्या स्मिथ बापलेकांनी १९७७ मध्ये या कलेचं रीतसर पेटंटच घेतलं: उरलेले केस वाढवायचे, त्यांचे तीन भाग करायचे आणि एकेक भाग क्रमाने टकलावर पसरायचा. २००४ साली त्यांना इग नोबेल मिळालं. आपल्याकडे हेच तंत्र पिढ्यान्‌पिढ्या फुकट वापरणाऱ्यांना कोणी विचारलं नाही.

राखणदाराचा दुसरा वेळखाऊ उद्योग म्हणजे आरोपी शोधणं. आधी बोअरचं पाणी. मग नवीन शांपू. मग पुण्यात असेल तर हेल्मेट; तिथे हेल्मेटविरोधाला कारणांची कधीच ददात नव्हती, त्यात हे एक आणखी. खरा गुन्हेगार मात्र बाहेरून आलेलाच नसतो. पुरुषी संप्रेरकापासून शरीरात डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन तयार होतं, ज्यांच्या केसांची मुळं जन्मतःच त्याला हळवी असतात त्यांची मुळं लहान लहान होत जातात, जाड केसाच्या जागी लव येते आणि मग तीही नाही. जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी संशोधकाने १९४२ मध्ये दाखवून दिलं की वयात येण्याआधी ज्यांचं खच्चीकरण झालं त्यांना, घराण्यात टक्कल असूनही, ते पडत नाही. हा उपाय शंभर टक्के गुणकारी असूनही लोकप्रिय झाला नाही, यावरून पुरुषांना केसांची माया नेमकी किती आहे त्याचा अंदाज येतो. घराण्याचा दोष आईकडचा की वडिलांकडचा यावर घरोघरी वाद होतात; दोन्हीकडून येऊ शकतो, त्यामुळे तो वाद तिथेच मिटवावा. १९७५ मध्ये नॉरवुड या डॉक्टरने हॅमिल्टनची वर्गवारी सुधारून टकलाच्या सात पायऱ्या ठरवल्या, त्या आजही चालतात. राखणदाराचं वास्तव्य तिसऱ्या ते पाचव्या पायरीवर. सातव्या पायरीवरचे लोक शांत झोपतात.

आता खरा आक्षेप: औषधं आहेत की! आहेत, आणि ती थोतांड नाहीत. मिनॉक्सिडिल मूळचं रक्तदाबाचं औषध. गोळ्या घेणाऱ्यांच्या अंगावर नको तिथे केस उगवू लागले तेव्हा डॉक्टरांच्या लक्षात आलं, आणि १९८८ मध्ये अमेरिकेत ते डोक्याला चोळायला परवानगी मिळाली. फिनास्टेराइड प्रोस्टेटसाठी निघालं, १९९७ मध्ये केसांसाठी मंजूर झालं. लवकर सुरू केलं तर अनेकांना गुण येतो. ज्याला हवं त्याने चांगल्या त्वचारोगतज्ज्ञाला विचारून, दुष्परिणाम समजून घेऊन जरूर घ्यावं. माझी अडचण एवढीच की दोन्हींचा गुण चालू असेपर्यंतच. थांबवलं की काही महिन्यांत हिशेब पूर्ववत. प्रत्यारोपणात मागचे, संप्रेरकाला न जुमानणारे केस पुढे लावतात. ते टिकतात, पण नवे केस त्यातून निर्माण होत नाहीत, नुसती बदली होते, आणि आजूबाजूचे जुने केस आपल्या गतीने जातच राहतात. म्हणजे उपचार घेणाऱ्यालाही ठरवावं लागतं की ही नोकरी किती वर्षं करायची. माक्याचं तेल, जास्वंद, कांद्याचा रस यांच्याबद्दल मी काही बोलत नाही. कांद्याचा रस लावलेल्या माणसाजवळ फार वेळ बसता येत नाही, त्यामुळे निरीक्षण अपुरं आहे.

लग्नाचं काय, हा प्रश्न मी टाळणार नाही. वधू-वर सूचक मंडळातल्या फायलीत ‘मुलगा सुस्वभावी’ याचा अर्थ पुष्कळदा केसांवरूनच लागतो. कांदेपोह्यांनंतर ‘मुलगा जरा वयस्कर वाटतो’ असा निरोप येतो, तेव्हा वय सत्तावीस असतं. २०१९ च्या नोव्हेंबरात आठवडाभराच्या अंतराने ‘उजडा चमन’ आणि ‘बाला’ हे दोन हिंदी चित्रपट आले आणि दोन्हींची अडचण हीच होती, लग्नाच्या वयातलं टक्कल. एका विषयावर दोघांनी एकदम पैसे लावले, त्या अर्थी दुःख बाजारात खपण्याइतकं खरं आहे. पण या बाजारातही झाकण्याचा फायदा होत नाही. फोटोत असलेले केस प्रत्यक्षात नसले की मुलीकडचे केसांसाठी नाही म्हणत नाहीत, फसवलंत म्हणून नाही म्हणतात. उलट बाजूला अनुपम खेर बघा: तिशीही न गाठलेला, डोक्यावरचे केस गेलेला माणूस, ‘सारांश’मध्ये म्हाताऱ्या बापाची भूमिका घेऊन १९८४ मध्ये उभा राहिला आणि पुढे चार दशकं तेच डोकं घेऊन कामं करतोय.

हे सगळं पुरुषांच्या सावकाश पडणाऱ्या टकलाबद्दल झालं. चाई पडून अचानक गेलेले केस, केमोथेरपीत गेलेले केस, बाईच्या भांगाची रुंदावत जाणारी रेघ, यांना हा युक्तिवाद लागू करू नये. २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या काही गावांत माणसांचे, बायकांचे केस काही दिवसांत हातात येऊ लागले, नमुने घेतले गेले, आयसीएमआरचं पथक आलं. त्या भीतीला विनोदात जागा नाही. आणि बाईच्या केसांवर आपल्या समाजाने स्वतःचा हक्क सांगितलेला आहे. विधवेचे केस जबरदस्तीने उतरवणारा तो, आणि सधवेचे विरळ झाले की हळहळणाराही तोच. १८९० च्या सुमारास मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायला नकार दिला, ही गोष्ट सुधारणेच्या इतिहासात जितकी ठळक हवी तितकी दिसत नाही. राखणदाराला मोकळेपणाने हसता येतं, कारण त्याला उतरायला जिना आहे.

तो जिना म्हणजे झिरो मशीन. मग उतरत का नाही? इथे राखणदाराची बाजू घ्यायला हवी. परदेशात चकोट डोकं ही फॅशन असेल; आपल्याकडे सोमवारी तसं करून ऑफिसात गेलं की लिफ्टमध्ये आवाज खाली येतात आणि कोणीतरी हलकेच विचारतं, ‘कोणी गेलं का?’ वडील गावाकडे ठणठणीत असताना या प्रश्नाला उत्तर देणं अवघड असतं. म्हणून पुष्कळ जण तिरुपतीचा आधार घेतात. गाडीने, सहकुटुंब, खरोखर जाऊन येतात, प्रसादाचे लाडू ऑफिसात वाटतात आणि मग केस वाढूच देत नाहीत. सहा महिन्यांनी लोक विसरतात. बालाजीने किती जणांची अशी अडचण दूर केली असेल याची नोंद देवस्थानाकडे नसणार.

उतरल्यावर माणूस लगेच शहाणा होतो असंही नाही. काही जण प्रचारक होतात, दाढी वाढवतात आणि तिसऱ्या पायरीवरच्या सहकाऱ्याला गाठून ‘एकदा करून तर बघ’ म्हणून छळतात. काही जण दुसऱ्यांनी बोलायच्या आत स्वतःच्या टकलावर विनोद करतात. हीसुद्धा राखणच, फक्त केसांऐवजी विनोद आडवे घातलेले. खरा बरा झालेला ओळखायचा तो सलूनमध्ये. ‘एवढ्याशा केसांचे पूर्ण पैसे?’ असं तो विचारतो, न्हावी ‘साहेब, शोधायला वेळ लागतो,’ हे शंभर वर्षांचं जुनं उत्तर देतो, आणि हा न हसता, न रागावता दहा रुपये कमी करून घेतो.

यानंतर त्याच्या तक्रारी बदलतात. भर्तृहरीच्या नीतिशतकात एक टकला आहे, तो उन्हाने डोकं तापलं म्हणून झाडाखाली जातो आणि नेमकं त्याच्याच डोक्यावर फळ पडतं. श्लोक नशिबाबद्दल आहे. पण या माणसाला आपण कसे दिसतो याची काडीचीही फिकीर नाही, त्याला फक्त सावली हवी आहे, इकडे कोणाचं लक्ष जात नाही. आपला माणूसही आता त्याच रांगेत येतो. थंडीत एसीचा झोत थेट टाळूवर येतो, डास चावतो तो नेमका मध्यभागी, माळ्याच्या खालून जाताना कोपरा लागतो आणि मधे गादी नसते. नागपूरच्या मे महिन्यात तर तो सुती टोपी घालूनच घराबाहेर पडतो, आजोबांसारखी. आणि टोपी विसरली त्या दिवशी सनस्क्रीनची ट्यूब हातात घेऊन बायकोला विचारतो, ‘चेहऱ्याला लावा लिहिलंय. कुठपर्यंत?’