बूड उचला!

नगरमध्ये ‘अण्णा’ म्हटलं की माणसं राळेगणच्या दिशेला बघतात, म्हणून ह्यांना आपण तात्या म्हणू. तुमच्याकडे नाना, आप्पा, काका असं काहीही म्हणत असतील. ओळख करून द्यायची गरज नाही. तुमच्या घरी लॅपटॉप असेल, त्याचा पंखा घरघरत असेल आणि तुम्ही मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून बसला असाल, तर ते आत्ता तुमच्या पाठीमागे उभे असतीलच.

ते आधी बोलत नाहीत. हात लावतात. गरम वारा जिथून बाहेर पडतो तिथे पालथा हात, मग सुलटा हात, मग लॅपटॉपच्या पोटाखाली चार बोटं. डोळे मिटलेले. मग निकाल: “बूड उचला.”

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीच खुर्चीतून उठलो होतो.

तात्यांचं सगळं शास्त्र ह्या दोन शब्दांत आहे आणि त्रासदायक गोष्ट म्हणजे ते बरोबर आहे. बहुतेक लॅपटॉप हवा खालून ओढतात आणि मागून किंवा कडेनं सोडतात. गादीवर, गोधडीवर ठेवला की त्याचं नाक दाबलं जातं, पंखा जिवाच्या आकांतानं फिरायला लागतो. मागची कड बोटभर उचलली की हवेला वाट मिळते, आवाज उतरतो. एवढं सांगून गप्प बसायला हरकत नव्हती. पण तात्या सांगून थांबत नाहीत, करतात. घरात जे हाताला लागेल ते मागच्या कोपऱ्यांखाली सरकवतात. आमच्या कॅरमचा स्ट्रायकर असा गेला. दुसरा आणला, तोही गेला, कारण कोपरे दोन असतात. मग औषधाच्या बाटल्यांची झाकणं, मुलीचं खोडरबर, मिठाच्या बरणीचं बूच. पोळ्यांच्या वेळी लाटणं सापडेना तेव्हा बायकोनं स्वयंपाकघरात शोधलंसुद्धा नाही. सरळ माझ्या टेबलाशी आली.

दिवाळीनंतर तर त्यांचा हंगामच. उलटी घातलेली पणती ही त्यांच्या मते लॅपटॉपसाठीच घडवलेली वस्तू आहे. उंची बेताची, घसरत नाही, फुटली तरी हळहळ नाही. बाजारात पंखेवालं कूलिंग पॅड मिळतं, हे मी एकदा सांगून पाहिलं. “म्हंजे पंख्याला वारा घालायला पंखा,” तात्या म्हणाले. सुप्याच्या डोंगरावरच्या पवनचक्क्या पाहिल्यापासून त्यांना एक प्रश्न पडलेला आहे, तोही त्यांनी लगेच काढला. “तिथं वाऱ्यावर वीज करायची, ती इथं आणायची आन् तिचा परत वारा करायचा. मधलं खाल्लं कुणी?”

नेवाशाच्या बाजूला पाहुण्यांच्या गावी हरिनाम सप्ताह होता. हल्ली कीर्तन यूट्यूबवर थेट दाखवतात. मांडवाच्या कडेला एका पोराचा लॅपटॉप, वर पत्रा, बाहेर एप्रिलचं ऊन. महाराज रंगात आले आणि नेमकं चित्र अडकायला लागलं. प्रोसेसर शंभर अंशांच्या घरात गेला की जळू नये म्हणून आपणहून पाय ओढत चालतो. पोरगं मात्र ‘रेंज नाही, रेंज नाही’ करत फोन हवेत धरून फिरत होतं. तात्या श्रोत्यांतून उठले. पुढचं प्रक्षेपणात दिसलं नाही, पण गजराच्या वेळी एक टाळकरी नुसत्याच टाळ्या वाजवत होता आणि त्याचे टाळ कुठे गेले ते मांडवात मला एकट्याला माहीत होतं. चित्र मात्र काल्यापर्यंत अडकलं नाही.

२०२३ साली एक रुपयात पीकविमा आला, तेव्हा जुलैअखेर सेवा केंद्रांवर लागलेल्या रांगा शेतकऱ्यांना आठवत असतील. तात्यांचा गावी दीड एकराचा तुकडा आहे. सातबारा घेऊन तेही रांगेत. केंद्रातला लॅपटॉप सकाळपासून चालू, खाली रेक्झिनची उशी, पंखा किंचाळतोय. चालक दर पाच मिनिटांनी तेच सांगतोय, “सर्व्हर डाऊन आहे.” तात्यांनी काउंटरवरून हात घालून लॅपटॉप चाचपला. “सर्व्हर आसंल वर न्हाय तं खाली. ह्याचं बूड आधी उचला.” उशी काढून त्यांनी दोन स्टॅम्पपॅड घातले. पंखा शांत झाला. सर्व्हर डाऊनच राहिला, ते खातं तात्यांच्या हाताखाली येत नाही. संध्याकाळपर्यंत रांग हलली नाही, पण केंद्रात इतकी शांतता झाली की ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य शेवटच्या शेतकऱ्यालासुद्धा स्वच्छ ऐकू गेलं.

भाच्याच्या लॅपटॉपचं प्रकरण मोठं. भाचा श्रीरामपूरकडचा, घरून काम करतो. सुट्टीला आमच्याकडे आला तो विमान उतरतंय असा आवाज करणारं यंत्र घेऊनच. तात्यांनी ते टेबलावर उताणं केलं, स्क्रू वाटीत घातले, बॅटरीची वायर आधी सुटी केली. पंखा आणि तांब्याच्या बारीक पट्ट्या ह्यांच्या मधे धुळीची चक्क घोंगडी विणली गेली होती. पंखा फिरत होता, पण वारा त्या घोंगडीला धडकून परत येत होता. तात्यांनी उदबत्तीची काडी पात्यांत अडकवली, कारण पंखा मोकळा ठेवून हवा मारली तर तो भलत्याच वेगानं फिरतो आणि बेअरिंग जातं. मग ब्रश, मग हवा. आणि मग टेबलावर पडलेल्या धुळीतले काळे कण त्यांनी चिमटीत धरले, चोळले, हुंगले.

“बगॅस.”

उसाचा चोथा बॉयलरमध्ये जळतो, त्याची काजळी गाळपाच्या दिवसांत कारखान्याभोवतीच्या गावांवर उतरते. वाळत घातलेलं पांढरं धोतर तिकडे संध्याकाळी पांढरं राहत नाही. तेव्हा ती लॅपटॉपमध्ये जाणार हे ओघानं आलंच. पण तात्यांचं संपलं नव्हतं. “ही आपल्या कारखान्याची न्हाय. आपली येवढी जाड नसती. ही त्यांची.” ‘त्यांची’ म्हणजे विरोधी गटाच्या कारखान्याची. आमच्या जिल्ह्यात सहकाराचं राजकारण सोसायटीपासून सोयरिकीपर्यंत झिरपलेलं आहे, हे ठाऊक होतं. ते हीटसिंकच्या पट्ट्यांत सापडेल असं वाटलं नव्हतं.

प्रोसेसर आणि तांब्याच्या मधली पेस्ट वाळून खडू झाली होती. ती पुसून नवी लावायची. तात्या म्हणाले वाटाण्याएवढी, भाचा म्हणाला तांदळाएवढी, त्यानं व्हिडिओ पाहिले होते. बराच वेळ तणातणी होऊन शेवटी साबुदाण्यावर मिटलं. मग भाच्यानं ती चपटी तांब्याची नळी दाखवून सांगितलं, की हिच्या आत थोडंसं पाणी असतं. तापल्या टोकाला त्याची वाफ होते, पंख्याकडच्या टोकाला वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि ते परत फिरतं. तात्या लॅपटॉपकडे प्रथमच आदरानं बघायला लागले. “म्हंजे कंडेन्सर हाय की!”

कंडेन्सर म्हणजे तात्यांचं माहेर. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा केला आणि मग जिल्ह्यात जिकडे ऊस तिकडे चिमणी झाली, त्यांतल्याच एका चिमणीखाली तात्यांनी टर्बाइनवर फिटर म्हणून नोकरी काढली. त्यामुळे तापमानाबद्दल त्यांची मतं पक्की आहेत. कारखान्यात पॅनमधली हवा ओढून घेतात, म्हणून पाक साठ-सत्तर अंशांतच उकळतो आणि साखर करपत नाही. “जल्मभर पोती काढली, पन पाकाला शंभर बघू दिला न्हाय. आन् तुमी दोन कागद लिहायला पंच्याण्णव करता!” दुसरा आक्षेप ऑफसीझनचा. गाळप संपलं की कारखाना ओव्हरऑइलला निघतो, एकेक मशीन खोलून पुसून परत बसवतात. लॅपटॉपला मिळतं ते रिस्टार्ट, आणि तेसुद्धा आपण ‘नंतर आठवण कर’ म्हणून पुढं ढकलतो. ह्यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

पुण्याचे पाहुणे आले म्हणून एकदा फराहबाग दाखवायला नेली. शहराचं नाव २०२४ मध्ये कागदोपत्री अहिल्यानगर झालं असलं तरी एसटीच्या दारात अजून ‘नगर, नगर’च चालतं, आणि नगर बघायला आलेल्यांना आम्ही किल्ला, चांदबिबीचा महाल आणि फराहबाग असं ठरलेलं दाखवतो. सलाबतखानानं १५८३च्या सुमारास पुरा केलेला हा निजामशाही महाल तळ्याच्या मधोमध आहे. खापरी नळांनी लांबून पाणी आणून भोवती खेळवलेलं असायचं. मी बादशहाची गोष्ट सुरू केली होती. तात्यांनी भिंतीला पालथा हात लावला. मग सुलटा. “गार हाय.” मग ते महालापासून लांब गेले, खाली वाकले, जोत्याकडे बघितलं आणि तिथून ओरडले, “सर, बघा! बूड उचललंय!”

पाहुण्यांना वाटलं ही काही स्थानिक ऐतिहासिक संज्ञा आहे. त्यांनी लिहून घेतली. तात्या मात्र कोरड्या तळ्याच्या काठावर उभं राहून निजामशाहीवर खट्टू झाले होते. एवढं वॉटर कूलिंग केलं, मेंटेनन्सला माणूस ठेवला नाही.

आता खरी तक्रार. तात्यांचा राग येतो तो झाकणांमुळे नाही. ते ऐकतच नाहीत. “तात्या, आज राहू द्या, मीटिंग आहे” म्हटलं तर “हा, धूळच आसंल” म्हणून स्क्रूड्रायव्हर काढतात. बायकोनं “चहा टाकू का?” विचारलं तर उत्तर येतं, “खिडकीजवळ ठेवू नका, ऊन लागतं.” आम्ही ह्याला अनेक नावं ठेवली. हेकटपणा, कारखान्याचा माज, म्हातारपण. त्यांची मुलगी पुण्याहून आली होती, तिच्याकडे मी हसत हसत विषय काढला. ती हसली नाही. “अहो, त्यांना ऐकूच येत नाही. समोरून ओठ बघून कळेल तेवढंच. टर्बाइन हाऊसमध्ये कान गेले. घरात सगळ्यांना माहितीये, बाहेर सांगू देत नाहीत.”

म्हणजे नगरच्या आमच्या सावेडी भागातल्या झाडून सगळ्या पंख्यांच्या आवाजावर इलाज करणाऱ्या ह्या माणसानं त्यांतला एकही आवाज ऐकलेला नव्हता. थरथर तेवढी हाताला कळत होती. टर्बाइनचं बेअरिंग तपासताना लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची, अशी त्यांची रीत असल्याचं तिनं सांगितलं. कान गेल्यावर मूठ कामाची राहिली नाही, तेव्हा ते तळहातावर आले.

हे कळल्यावर माणसानं हळवं व्हावं, तसा मी झालोही. पण त्याच संध्याकाळी माझ्या चष्म्याची केस लॅपटॉपखाली गेली, चष्म्यासकट.

मुलीनं शेवटी कानाचं मशीन बसवून दिलं. ते घालून तात्या आमच्याकडे आले. मी कुठलंसं सरकारी संकेतस्थळ उघडून बसलो होतो, पंखा टिपेला. तात्या दारातच थांबले.

“हा आवाज कशाचा?”

“लॅपटॉपचा, तात्या. पंखा.”

“येवढा?”

“येवढाच असतो.”

“आन् तुमी दिवसभर ह्याच्याजवळ बसता?” इतक्या वर्षांत लॅपटॉपची कीव करणाऱ्या तात्यांनी प्रथमच माझ्याकडे त्या नजरेनं बघितलं. थोडा वेळ ते तसेच उभे राहिले. वरचा पंखा, शेजारचा मिक्सर, रस्त्यावरची रिक्षा असं सगळं एकदम कानात शिरत असावं. मग त्यांनी मशीन काढलं, तळहातावर घेतलं, दुसऱ्या हातानं चाचपलं. “हे पन तापतंय जरा,” म्हणाले आणि खिशात टाकलं.

बायकोनं आतून विचारलं, चहा टाकू का?

“पेस्ट वाळली आसंल,” तात्या म्हणाले.