आले तसे पुढे धाडिले

वाक्याला कर्ता असलाच पाहिजे, हा व्याकरणाचा हट्ट आपण सर्वांनी शाळेत छड्या खाऊन मान्य केला होता; परंतु गेल्या दहा-बारा वर्षांत महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या व्हॉट्सॲप-समूहांनी हा जुलमी नियम रद्दबातल ठरविला आहे, आणि मराठी वादविद्येवर एवढा मोठा उपकार करूनही या समूहांचा अद्याप कोठे जाहीर सत्कार झालेला नाही, ही गोष्ट आपल्या गुणग्राहकतेला खचितच शोभत नाही.

समूहाची प्रभात फुलांनी होते. गुलाब, कमळ, क्वचित उगवता सूर्य आणि त्याखाली संयमाचे माहात्म्य सांगणारे एखादे वचन, असा नैवेद्य दाखवून झाला की साडेसातच्या सुमारास राष्ट्राचे प्रश्न पटलावर येतात. बी विंगमध्ये एक सेवानिवृत्त उपअभियंता राहतात. पाटबंधारे खात्यात तीस-बत्तीस वर्षे काढूनही ज्यांनी मोजमाप-पुस्तिकेवर जागेवर जाऊन फीत लावल्यावाचून कधी सही केली नाही, कंत्राटदार ज्यांच्या नावाने बोटे मोडीत आणि वरिष्ठ ज्यांच्यापुढे जरा जपून बोलत, असे हे सचोटीचे गृहस्थ, युनेस्कोने भारताचे राष्ट्रगीत जगात सर्वोत्कृष्ट ठरविल्याची वार्ता चहाचा पहिला घोट घेण्याच्या आत ऐंशी कुटुंबांना निःशंकपणे कळवितात. डी विंगमधील संगणक-अभियंता मुलगी नम्रपणे विचारते, "काका, सोर्स काय?" त्यावर उत्तर येते, "अगं, मी कुठे म्हणतोय? मला आलं, मी पाठवलं."

वस्तुतः प्रकरण येथेच निकाली निघावे. युनेस्को राष्ट्रगीतांची स्पर्धा भरवीत नाही, ही अफवा खुद्द व्हॉट्सॲपपेक्षाही वयाने वडील असून ई-मेलच्या जमान्यापासून फिरत आहे, आणि काकांनी तर त्या वार्तेवरील आपला हक्क स्वतःच सोडून दिला आहे. पण नाही. जे विधान आपले नव्हे असे त्यांनी आत्ताच कबूल केले, त्याच विधानासाठी ते पुढचे दोन तास प्राणपणाने लढतात. ज्यांनी ते मुळात वाचलेले नाही असे चौघेजण त्यांच्या मदतीस धावतात, तितकेच न वाचलेले दुसरे चौघे विरुद्ध पक्षाची मुखत्यारी पत्करतात, आणि दहा वाजेपर्यंत वादाची गाडी राष्ट्रगीतावरून निवडणुकीवर, निवडणुकीवरून टोमॅटोच्या भावावर आणि तेथून, का कोण जाणे, एकमेकांच्या मुलांच्या परदेशी वास्तव्यावर येऊन थांबते. जुन्या कचेऱ्यांत मुद्दई आणि मुद्दालेह दोघेही हजर असत व मालाविषयी तंटा असे. येथे माल बेवारस, मुद्दई गैरहजर, आणि तंटा मात्र पिढीजात वतनाचा असावा इतका कडाक्याचा.

मंडालेच्या तुरुंगात बसून लोकमान्यांनी 'गीतारहस्य' लिहिले आणि फलाची आसक्ती सोडून कर्म कसे करावे हे महाराष्ट्राला समजावून दिले. १९१५ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्याला आता शतक उलटून गेले. पण एवढ्या अवधीत शिष्य गुरूच्या पुढे निघून जातील, अशी कल्पना खुद्द ग्रंथकर्त्यासही आली नसावी. त्यांनी फळाचा त्याग शिकविला. आमच्या समूहाने कर्माच्या कर्तेपणाचाच त्याग करून दाखविला आहे. अंगठ्याने मी दाबले, पण मी पाठविले नाही. मी पाठविले, पण मी म्हटले नाही. म्हटले असले तरी त्यात माझे काही नव्हते. वेदान्ताची एवढी उंच पायरी आणि तीही पेन्शनीत!

हे सर्व पाप त्या यंत्राचे, असे म्हणणारेही पुष्कळ आहेत. त्यांना एवढेच स्मरण द्यावेसे वाटते की २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो ही वार्ता एका दिवसात देशभर, आणि देशाबाहेरही, पोहोचली, तेव्हा भारतातला पहिला मोबाइल-संवाद होऊन दोन महिनेही झाले नव्हते. काम झाले ते एस.टी.डी.च्या बूथवरून आणि शेजाऱ्याच्या फोनवरून. तथापि त्या दिवसाची आठवण मला थोडी आदराने येते, आणि हे मी उपहासाने म्हणत नाही. त्या दिवशी लोकांनी वार्ता ऐकली, घरातले दूध घेतले, चमचा घेतला, देवळापुढच्या रांगेत तासन् तास उभे राहिले आणि प्रत्येकाने प्रयोग आपल्या हाताने करून पाहिला. अनुमान चुकले असेल. दूध पृष्ठताणाने व केशाकर्षणाने चढते हे शास्त्रज्ञांनी नंतर सांगितले, काहींना ते पटले, काहींना नाही. पण प्रयोगाचा खर्च ज्याचा त्याने सोसला होता. याउलट नोव्हेंबर २०१६ मध्ये दोन हजारांच्या नव्या नोटेत उपग्रहाशी बोलणारी सूक्ष्म चिप बसविली आहे, हे वृत्त ज्यांनी गावभर केले, त्यांच्यापैकी नोट उसवून पाहण्याचे धाडस कितीजणांना झाले असेल? नोट महाग होती, हे मान्य. पुढे मे २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने ती नोटच चलनातून मागे घेतली. चिपचे काय झाले, याबद्दल मात्र कोणीही खुलासा मागितला नाही, कारण खुलासा मागायचा तो कोणाकडे?

आता आमच्या पूर्वजांचे पाहा. १८९० साली पुण्यात गोपाळराव जोशी या गृहस्थांनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांनी, शहरातील नामांकित मंडळींना ख्रिस्त्यांच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाचे निमंत्रण दिले, तेथे त्यांच्यापुढे चहा-बिस्किटे आली, कोणी घोट घेतला, कोणी नुसता पेला हाती धरून शिष्टाचारापुरता खाली ठेवला, आणि पुढे उपस्थितांची नावनिशीवार यादी 'पुणेवैभव' पत्रात झळकली. भांडण लावून दूर उभे राहून मजा बघण्याची जी कला आज तिशीतल्या पोरांना आपण शोधून काढल्यासारखी वाटते, तिच्यात गोपाळराव सव्वाशे वर्षांपूर्वीच निष्णात होते. ग्रामण्य माजले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशीस कमिशन बसले. यादीत रानडे होते, टिळक होते. एकमेकांचे हाडवैरी म्हणून गाजलेले हे दोन पक्ष एकाच पेल्यात बुडाले. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनीही पुढे प्रायश्चित्त घेतले, आणि सुधारकांनी त्यांना त्याबद्दल बोल लावण्यात कसूर केली नाही. वाद क्षुल्लक होता, कदाचित हास्यास्पदही होता. पण त्या सबंध प्रकरणात, पेला माझ्या हाती कोणीतरी दिला व मी तो आला तसा पुढे सरकविला, असा बचाव कोणी केल्याचे दिसत नाही. आणि केला असता तर पुण्याने तो ऐकून घेतला असता असेही वाटत नाही.

एके ठिकाणी मात्र हा विनोद संपतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आली आहे या फिरत्या संदेशांच्या भरात, जमावाने पाच माणसे ठेचून मारली. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ती माणसे भिक्षेसाठी आली होती. तो संदेश हजारोंनी पाठविला असेल. लिहिला कोणीच नव्हता. त्याच महिन्यात व्हॉट्सॲप कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठविता येईल अशी मर्यादा घातली, आणि २०२० च्या एप्रिलात, जो संदेश फारच फिरून आला असेल तो एकाच ठिकाणी. अंगठ्याला घातलेली ही रेशनिंगची पद्धत काही काळ उपयोगी पडली असेलही. पण आमच्या समूहातील कर्तबगार मंडळी तोच संदेश कॉपी करून नव्याने चिकटवितात, म्हणजे तो फिरून आल्याची खूण पुसली जाते आणि वार्ता पुन्हा कुमारिका होते.

मग जबाबदार कोण? काहीजणांनी ॲडमिनकडे बोट दाखविले. आमच्याकडे हे पद सोसायटीच्या सचिवांकडे, म्हणजे ज्याने नको म्हणायला उशीर केला त्याच्याकडे, आपोआप जाते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये असा निर्वाळा दिला की सभासदाच्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल, समान हेतू दिसत नसेल तर, केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणास फौजदारी जबाबदार धरता येणार नाही. सचिवांनी हा निकाल त्याच दिवशी समूहावर टाकला. निकाल वाचून टाकला होता की आला तसा, हे विचारण्याचे औचित्य कोणी दाखविले नाही.

समूहातील वैभवाचे दिवस तसे आता ओसरत चालले आहेत, हेही नमूद केले पाहिजे. पूर्वी 'अमुक यांनी समूह सोडला' ही ओळ सर्वांना दिसत असे, आणि तीत विधिमंडळातील सभात्यागाची सगळी शान होती. मागाहून दोन वहिनी समजूत काढीत, मानभंग झालेले काका सायंकाळच्या आत परत येत. २०२२ पासून गुपचूप निघून जाण्याची सोय झाली, ॲडमिनखेरीज कोणास सूचना जात नाही, आणि ज्याच्या रुसण्याची दखल घेतली जात नाही त्याने रुसावे तरी कशासाठी?

गंमत अशी की हेच ऐंशी सभासद सप्टेंबरात वार्षिक सर्वसाधारण सभा बोलावली की दिसेनासे होतात. सभा गणपूर्तीअभावी अर्धा तास तहकूब होते, तेवढ्यात वेफर व पेढा वाटला जातो, मग तहकूब सभा सुरू होऊन गच्चीच्या जलरोधनाचा ठराव सात-आठ हातांनी मंजूर होतो. युक्रेनच्या युद्धावर ज्यांचे मत ठाम, त्यांना गच्चीवर मत नाही. याचा अर्थ त्यांना गच्ची गळावी असे वाटते असा नव्हे. पण सभेत बोललेले इतिवृत्तात नावासह लिहिले जाते, पुढच्या सभेत कायम होते, आणि सूचक म्हणून एकदा नाव लागले की ठेकेदाराला फोन करण्याचे काम त्याच नावामागे येते. युक्रेनचे युद्ध थांबविण्यासाठी अद्याप कोणी कोणाला फोन करावयास सांगितलेले नाही.

म्हणून मी समूहावर एक विनंतीवजा सूचना लिहिली, की पाठविणाऱ्याने प्रत्येक आयात संदेशाखाली 'हे मी पूर्ण वाचले आहे व माझ्या माहितीप्रमाणे खरे आहे' असे लिहून आपले नाव घालावे. सूचनेस एकोणतीस अंगठे आणि अकरा जोडलेले हात मिळाले, कोणाचीही हरकत आली नाही, आणि नियम कोणी एकदाही पाळला नाही. चार दिवसांनी न्यू जर्सीहून माझ्या आतेभावाने मला एक संदेश पाठविला. मजकूर अक्षरशः माझाच होता; फक्त खाली लिहिले होते, 'पु. ल. देशपांडे'. पु. ल. २००० साली निवर्तले व व्हॉट्सॲप २००९ मध्ये निघाले, हे मी त्याला कळविले. तो म्हणाला, "अरे, असेल. पण काय लिहिलंय बघ ना! असं आता कुणी लिहीत नाही."